सैल झाकण

यादी शाळेतून आली, छापील:
टॉर्च, ताट, वाटी, दोन टॉवेल, पांघरूण,
डासांचं मलम, आधारची झेरॉक्स,
आणि खाली जाड अक्षरांत
प्रत्येक वस्तूवर नाव हवं.

हे काम माझं.
चोपड्यात तीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली,
उधारीच्या वहीत लोकांची नावं लिहिली,
कापडावर पोराचं नाव मात्र
पहिल्यांदाच काढत होतो.
न, कु, ल.
एकच उकार, तेवढ्यापुरती सुई वळवायची.
चड्डीच्या नेफ्यात, बनियनच्या मानेमागे,
उशीच्या अभ्र्याला आतून.
मोज्यांवर मशीन चालेना, तिथे हाताने.

आमच्यात रात्री बाहेर राहतात
ते लग्नाला, नाहीतर मयतीला,
फार तर दवाखान्यात कुणाच्या उशाशी.
नुसते तारे बघायला तोरणमाळला, तीन रात्री,
असं अजून कुणी गेलेलं नाही.
त्याच्या मामाने फोनवर विचारलं,
"का रे भो, शिरपूरले तारा दिसतस नही का?"

यादीत एक गोष्ट नव्हती.
ती आम्हा तिघांना ठाऊक,
आणि गच्चीवरच्या दोरीला,
जिच्यावर सकाळी सहाच्या आत
एक गोधडी पडते.
इथलं मे महिन्याचं ऊन त्या बाबतीत आपल्या बाजूचं,
आठापर्यंत काही उरू देत नाही.

हेमलताने महिनाभर आधी सुरुवात केली.
रात्री आठनंतर पाणी बंद.
पण चव्वेचाळीस डिग्रीत
पोराला पाणी नको म्हणायला
तिचीच जीभ उचलेना.
मग आम्ही गच्चीवर अंथरुणं घातली,
त्याचं एकट्याचं, टाकीपलीकडे, तंबू समजून.
अडीचचा गजर त्याच्या उशाखाली.
पहिल्या रात्री गजराने मी उठलो, शेजारचे पवार उठले,
तो नाही.
मग कधी उठायचा, कधी नाही.
एकदा जिना उतरून गेला, परत आला,
आणि अंधारात आमच्याजवळ उभा राहून म्हणाला,
"झालं."
आम्ही दोघं झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो.
हसू दाबताना हेमलताची कूस हलली, ते त्याला दिसलं असावं.

सरांना सांगावं की नाही
यावर दोन दिवस घरात अबोला.
ती म्हणाली, सांगा.
मी म्हणालो, मग सगळ्या तंबूंना कळेल.
आता वाटतं, बरोबर तीच होती.

दशम्या झाल्या, शेव झाली, लसणाची चटणी
तीन पिशव्यांत, तरी मोज्यांना वास लागला.
आणि मी फळीवरून जुनी निळी बाटली काढली,
जिच्या झाकणाचा आटा केव्हाच गेलाय,
कितीही आवळली तरी ठिबकते.
तीच भरून पिशवीत ठेवली, पांघरुणाला लागून.
कोणी विचारलंच कधी,
तर बाटली सांडली म्हणता येईल.
एवढंच सुचलं मला.
शिंप्याची अक्कल, भोक झाकता येतं तेवढी.

सहाची गाडी शाळेच्या मैदानात नऊला आली.
नकुल कट्ट्यावर बसून पिशवी तपासत होता,
यादीवर टिका करत.
बाटलीशी थांबला. उलटी केली.
"पप्पा, ही गळते."
"माहीत आहे."
त्याने माझ्याकडे पाहिलं,
बराच वेळ,
मापाला उभं केलेलं गिऱ्हाईक आरशात पाहतं तसं.
मग बाटली पुन्हा तिथेच ठेवली,
उभी, नीट, पांघरुणाला टेकवून,
आणि यादीच्या तळाशी, जिथे काही छापलेलं नव्हतं,
तिथे एक टीक केली.

"गजर लावशी ना?" त्याच्या आईने खिडकीतून विचारलं.
बाकीची पोरं ऐकत होती.
"लावसू," तो म्हणाला, "तारा बघाले."

गाडी गेली, यावल रोडच्या उलट्या अंगाला धूळ सोडत.
कट्ट्यावर बाटलीच्या बुडाचं ओलं वर्तुळ राहिलं होतं.
मी त्याकडे बघत उभा राहिलो.
हेमलताने छत्री उघडेपर्यंत
ते वाळलं होतं.